चौदा नंबरची बोली

चढाई करणारे वेगळे, पकडी करणारे वेगळे आणि दोन्ही करणारे फार थोडे. कबड्डीबद्दल एवढंच शिकून मी खेळाडूंच्या लिलावाला बसले, आणि वाद नेमका या तिसऱ्या प्रकाराचाच निघाला. दोन्हीकडून खेळणारा चांगला पोरगा सुरुवातीलाच, पडेल ती किंमत देऊन उचलायचा, की त्याचा नाद सोडून तेवढ्याच पॉइंटांत तीन बरे गडी घ्यायचे? ज्याला विचारावं तो छातीठोकपणे सांगायचा आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असायचं.

माझं माहेर पेण, सासर रोहा. या पट्ट्यात, विशेषतः पेणच्या खारेपाटात, भातकापणी उरकली की गावोगाव रात्रीचे सामने सुरू होतात. लहानपणी लाउडस्पीकरवरचं समालोचन ऐकत मी झोपी गेलेय, पण मैदानापाशी जाऊन बघावंसं कधी वाटलं नाही. रोह्यात माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. दोन्ही तालुक्यांतल्या पोरांची मिळून लीग काढायचं ठरलं तेव्हा भावजींनी गळ घातली, "वहिनी, एक संघ तुमच्या लॅबच्या नावाने. जर्सीवर नाव येईल, पोस्टरवर फोटो येईल." मी चेक फाडला आणि विषय माझ्यापुरता संपला.

पण लिलाव ठरला त्याच दिवशी भावजींना धाटाव एमआयडीसीत पहिली पाळी लागली. बदली करायला कुणी मिळेना. म्हणाले, "तुम्हीच बसा टेबलवर. मामा आहेत ना शेजारी. ते सांगतील तेव्हा हात वर करायचा, बास." मामा म्हणजे आमच्या संघाचे प्रशिक्षक. सख्खे कुणाचेच नाहीत, पण पेण ते रोहा सगळ्या मैदानांवर त्यांना मामाच म्हणतात. खारेपाटातले, साठी उलटलेले. बुवा साळवींचा फोटो त्यांच्या घरात देवांच्या शेजारी आहे आणि १५ जुलैला, कबड्डी दिनाला, त्या फोटोला हार चढतो. बोलतात कमी आणि बोलले की समोरच्याला सगळं कळलं असं धरून चालतात.

आधी लिलावाचे नियम सांगते, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. खरे पैसे बोलीत नसतातच. आठ संघ, प्रत्येकाच्या खात्यावर ५०,००० पॉइंट. प्रत्येकाने १२ खेळाडू घ्यायचेच आणि कुणाचीही बोली १,००० च्या खाली सुरू होणार नाही. म्हणजे अगदी पहिल्या गड्यावर सगळं उधळायचं म्हटलं तरी उरलेल्या अकरांचे ११,००० बाजूला ठेवून जास्तीत जास्त ३९,००० पर्यंत जाता येतं. नावाच्या चिठ्ठ्या डब्यातून निघतात, तेव्हा कोण आधी येईल, कोण नंतर, याचा भरवसा नाही. हा हिशेब मला पटकन जमला, लॅब चालवते म्हटल्यावर आकड्यांची भीती नाही. अडचण होती ती यादीत.

यादीत १३० नावं. प्रत्येक खेळाडूने अर्जात आपण कोण ते स्वतःच लिहायचं होतं: रेडर, डिफेंडर की ऑलराउंडर. तब्बल ४१ जणांनी ऑलराउंडरवर खूण केलेली. मी मामांना म्हटलं, "एवढे दोन्हीकडून खेळणारे असतील तर घाई कशाला करायची?" मामांनी पेन्सिल काढली आणि एकेका नावावर काट मारत गेले. हा फक्त चढाईच करतो, पकडीला हात लावत नाही. हा कोपऱ्यात बरा, पण चढाईला गेला की निदान रेषेला पाय लावून पळत येतो. अर्जात तसं लिहिलं की भाव चढतो, म्हणून लिहितात. शेवटी तीन नावं राहिली. १४, ५२ आणि ८८. "यो खरा, यो बरा न यो म्हातारा," मामा म्हणाले आणि यादी मला परत दिली.

एक्केचाळीसातून तीन उरले म्हटल्यावर आदल्या मिनिटाचं माझं मत उलटं झालं. एवढे दुर्मीळ असतील तर घ्यायलाच हवा! मामा म्हणाले, "आदी बगा तरी."

त्या संध्याकाळी रोह्यातल्या मैदानावर चौदा नंबर सरावाला होता. मातीचं मैदान, नुकतंच पाणी मारून लाटलेलं. मामांनी मला बाजूच्या रेषेलगत खुर्ची दिली. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. सहा किंवा सातजण समोर असतील तरच बोनस रेषा ओलांडल्याचा गुण. चढाईला तीस सेकंद. हे सगळं मामा मला एका दमात सांगत होते आणि माझे डोळे चौदा नंबरवर होते.

तो डाव्या कोपऱ्यात होता. गुडघ्यांत इतका वाकलेला की बोटांची टोकं मातीला टेकली होती. चढाई करणारा पोरगा खांदे उडवत होता, हाताने हूल देत होता. बाकी सगळे त्या हाताकडे बघून मागेपुढे होत होते. चौदा नंबर त्याच्या पावलांकडे बघत होता. बोनससाठी त्या पोराने उजवा पाय लांब टाकला, मागच्या पायाची टाच उचलली गेली, आणि चौदा नंबर त्याच क्षणी पुढे झेपावून मातीवर आडवा झाला होता. दोन्ही हातांची पकड घोट्यावर. पोरगा फरपटत मध्यरेषेकडे निघाला, चौदा नंबर त्याच्या पायाला लटकून दोन हात अंतर घासत गेला, तोवर बाकीचे येऊन पडले. कोपरापासून मनगटापर्यंत त्याची कातडी सोलवटली होती. मी उठून उभी राहिले होते.

"बसा," मामा म्हणाले. "आता चढाई बगा."

त्याला लगेच चढाईला पाठवलं. कमरेवर हात ठेवून त्याने दोन श्वास घेतले आणि मध्यरेषा ओलांडली. 'कबड्डी कबड्डी' चा सूर निम्म्यातच फुटायला लागला. निदान रेषा ओलांडली, कुणाला शिवला नाही, घड्याळ संपायच्या आत परतला. चढाई रिकामी. पुढच्या वेळी मामांनी त्याला मध्ये दोन चढाया विश्रांती दिली आणि मग पाठवला. तेव्हा तोच पोरगा दोघांना हात लावून आला.

मामा म्हणाले, "कागदावर तो दोन गडी हाय. फुफ्फुसांची जोडी एकच." मी लॅबवाली, मला हे पटायला वेळ लागला नाही. मग मामांनी एक गोष्ट सांगितली, जी पुढे सगळ्या गोंधळात माझ्या कामी आली. मैदानात सातजण असताना दोन्हीकडून खेळणाऱ्याचं विशेष कौतुक नाही, कारण चढाईला चढाईवाले आहेत आणि कोपऱ्याला कोपरेवाले. पण गडी बाद होत होत तिघे उरले की खेळ बदलतो. तिघे किंवा त्याहून कमी असताना पकड केली तर एक जादा गुण मिळतो, आणि त्याच तिघांतून कुणीतरी चढाईलाही जायचं असतं. तेव्हा ज्याला एकच काम येतं तो निम्मा वेळ नुसता उभा असतो. "सात असताना तो एक. तीन असताना तो दोन." एवढं बोलून मामा पाणी प्यायला गेले.

रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि तिथल्या फुटबॉलचं त्याला वेड आहे, म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, तो अंगावर चिलखत चढवून खेळतात तो. मी त्याला चौदा नंबरचं सांगितलं तर तो हसायलाच लागला. "मावशी, हा तर आमचा टाइट एंडचा वाद!"

टाइट एंड म्हणजे त्या खेळातला असाच दोन्हीकडचा गडी. आघाडीच्या रांगेच्या टोकाला उभा राहतो. कधी समोरून येणाऱ्या धिप्पाड गड्यांना अंगाने थोपवायचं, कधी त्यांना चुकवून पुढे पळायचं आणि चेंडू झेलायचा. थोपवणारे पुष्कळ, झेलणारे पुष्कळ, दोन्ही नीट करणारे थोडे. दरवर्षी एप्रिलच्या सुमारास तिथले ३२ व्यावसायिक संघ कॉलेजातून येणारी पोरं वाटून घेतात. बोली नसते, पाळी असते. आदल्या वर्षी सर्वांत जास्त मार खाल्लेल्याची पाळी आधी, अशा सात फेऱ्या. मग दरवर्षी हाच प्रश्न येतो, की आपली लवकरची मौल्यवान पाळी टाइट एंडवर घालवायची का?

भाच्याला हे सगळं तोंडपाठ. २०२१ साली अटलांटाच्या संघाने चौथी पाळी काइल पिट्स नावाच्या टाइट एंडवर लावली. त्या जागेवरचा इतक्या वर निवडला गेलेला हा पहिलाच. पहिल्या वर्षी त्याने १,०२६ यार्ड कमावले, सगळे खूश. दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावला आणि पुढची काही वर्षं ती उंची आली नाही. त्याच्या लगेच मागून, पाचव्या पाळीला सिनसिनाटीने जमार चेस घेतला, सातव्याला डेट्रॉइटने पेनेई सूएल. दोघेही आपापल्या जागेवर अव्वल ठरले. "पिट्स वाईट नव्हता ग मावशी. पण त्याच्यापायी जे सोडलं ते फार मोठं निघालं."

मी म्हटलं, म्हणजे लवकर घेऊ नये तर. तो म्हणाला, थांब. ट्रॅव्हिस केल्सी हा या जागेवरच्या थोरांतला एक. कॅन्सस सिटीने त्याला २०१३ मध्ये ६३ व्या पाळीला घेतला. २०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षं त्याने हजारावर यार्ड काढले आणि संघाबरोबर तीन सुपर बोल जिंकले. जॉर्ज किटल तर २०१७ मध्ये १४६ वा. त्याच वर्षी पहिल्या फेरीत तीन टाइट एंड गेले होते, १९ वा, २३ वा आणि २९ वा. त्या तिघांनाही मागे टाकून गेला तो पाचव्या फेरीतला. "म्हणजे थांबावं?" तर पुन्हा, थांब. २०२४ मध्ये ब्रॉक बॉवर्स १३ व्या पाळीला गेला आणि पहिल्याच वर्षी त्याने ११२ झेल घेतले. नवख्या खेळाडूने एका मोसमात इतके झेल त्याआधी कधीच घेतले नव्हते. म्हणजे घ्यावा? "त्याचा संघ त्या वर्षी १७ पैकी ४ सामने जिंकला."

मी फोन ठेवला तेव्हा आधीपेक्षा जास्त गोंधळलेली होते.

दुसऱ्या दिवशी भावजींना हे सांगितलं तर त्यांनी अमेरिकेची गरजच नाही म्हणून सांगितलं. प्रो कबड्डीतच बघा. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग गडी राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. दहा वर्षांच्या आत आकडा दोन कोटींच्या पुढे गेला. आणि दोन्हीकडून खेळणाऱ्याचं उदाहरण हवं तर इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. मूळचा डाव्या कोपऱ्यातला, पण चढाईलाही जातो. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले, तेव्हा एका संघाची सगळी थैली ५ कोटींची होती. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. पुढच्या लिलावात हरियाणानेच त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं आणि त्या डिसेंबरात बालेवाडीत हरियाणा विजेता. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

"बघा," मी म्हटलं, "झालं ना सिद्ध?"

"मग २०२५ ला तो २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला," भावजी म्हणाले. "आणि गुजरात पहिल्या आठातही आलं नाही."

माणूस तोच, किंमत जवळपास तीच. दोन संघ जिंकले, तिसरा बुडाला. चढाईवाल्यांचंही तेच. पवन सेहरावतला तमिळ थलैवाजने २०२२ साली २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि मोसम संपला, तरीही संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्यालाच २ कोटी ६० लाखांच्या वर किंमत देऊन घेतलं, आणि तो खेळत असूनही संघ तळाला राहिला, २२ पैकी २ विजय. महाग गडी नसताना वर आणि असताना खाली! माझ्यासारख्या नवशिक्या बाईने यातून काय घ्यायचं?

लिलाव पेणला एका हॉलमध्ये होता. टेबलं मांडलेली, प्रत्येकावर संघाच्या नावाची पाटी, पाण्याच्या बाटल्या, वडापाव. पुढे स्टेजवर स्टीलचा डबा आणि त्यात चिठ्ठ्या. मी एकटीच बाई, त्यामुळे सगळे अदबीने "या ताई, बसा ताई" करत होते आणि बोली लागली की अजिबात दयामाया दाखवत नव्हते. मामांनी कागदाच्या कपट्यावर एक आकडा लिहून माझ्यापुढे सरकवला: १७,०००. चौदा नंबरची आमची हद्द. त्याच्या पलीकडे पाचशेही नाही.

ही हद्द त्यांनी कुठून काढली ते मी विचारलं. मामांचा हिशेब साधा होता. चौदा गेला तर त्याच्या खालचा बावन्न नंबर, तो सहा-सात हजारांना मिळेल. मग चौदा आणि बावन्न यांच्यातल्या फरकासाठी आम्ही दहा हजार देतोय. तेवढा फरक आहे का? "हाय," मामा म्हणाले, "पन दहाच्या वर नाय."

चौदा नंबरची चिठ्ठी फार लवकर निघाली. सगळ्यांची खाती भरलेली, सगळ्यांचे हात सैल. पाच टेबलं बोलीत उतरली. दहा हजारांवर दोन गळाली, तेरावर एक. साडेसोळा समोरच्या टेबलाने लावले. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी हात वर केला, सतरा. समोरचे दोघे डोक्याला डोकं लावून कुजबुजले. पुकारणारा "सतरा एक, सतरा दोन" म्हणत मुद्दाम रेंगाळला आणि मग टेबलावर हातोडी आपटली. टाळ्या झाल्या. लोक मागे वळून माझ्याकडे बघत होते. ज्या बाईला परवापर्यंत निदान रेषा माहीत नव्हती, तिच्याकडे दोन तालुक्यांतला सर्वांत मोठा गडी होता. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग खरा लिलाव सुरू झाला. चढाईवाल्यांशिवाय गत्यंतर नव्हतं. चौदा नंबर दर वेळी चढाईला पाठवता येत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एक साडेनऊ हजारांना, दुसरा आठला. उजवा कोपरा साडेपाचला. म्हणजे चारजणांत ४०,००० संपले आणि आठजणांसाठी राहिले १०,०००. दोघांना दोन-दोन हजार दिले, उरलेले सहा हजाराने. त्या सहाजणांसाठी मी हात वर केला तेव्हा त्यांची फक्त नावं मला माहीत होती.

माझ्या उजव्या बाजूच्या टेबलावर खारेपाटातला एक संघ होता. त्यांचे मालक दुपारपर्यंत जवळजवळ गप्पच. वडापाव खात बसलेले, अधूनमधून वहीत काहीतरी लिहायचे. मोठ्या नावांवर दोन-तीनदा हात वर केला, लगेच खाली. मला वाटलं, यांना रस नाही. चार वाजता सगळ्यांची खाती रिकामी झाली तेव्हा ते जागे झाले. त्यांच्याकडे पॉइंट शिल्लक होते आणि वहीत नावं. ११७ नंबरची चिठ्ठी निघाली तेव्हा मामा पहिल्यांदा खुर्चीत सरळ झाले. हमरापूरकडच्या गणपतीच्या कारखान्यात काम करणारा पोरगा, मध्यरक्षक. मोठ्या संघातून कधी न खेळलेला. मी हजाराला हात वर केला. शेजारून दीड हजार. मला पुढे जाताच येत नव्हतं, उरलेली जागा आणि उरलेले पॉइंट यांची गाठ पडत होती. "गेला," मामा म्हणाले. बावन्न साडेसहाला गेला तेव्हा किंवा अठ्ठ्याऐंशी तीनला गेला तेव्हा ते काही बोलले नव्हते. या दीड हजाराच्या पोरासाठी त्यांचा चेहरा पडला.

संध्याकाळी वडखळ मागे टाकून, नागोठण्यावरून भिसे खिंडीतून रोह्याला परत येताना मी त्यांना विचारलं की एवढं काय होतं त्याच्यात. मामा म्हणाले, "सामन्यात दिसंल."

सामने रोह्यात झाले, रात्रीचे, हॅलोजनच्या उजेडात. पहिल्या सामन्यात मी चौदा नंबरच्या पकडी मोजायला वही घेऊन बसले होते. वही कोरीच राहिली. त्याच्याकडे कुणी जाईचना! समोरचा चढाईवाला मध्यरेषा ओलांडायचा आणि थेट आमच्या उजव्या बाजूला वळायचा, जिथे हजाराचे दोघे शेजारी शेजारी उभे होते. डाव्या कोपऱ्यात सतरा हजार गुडघ्यांत वाकून, बोटं मातीला टेकवून वाट बघत होते आणि खेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालला होता. मला हे अन्यायाचं वाटलं. मामांना अजिबात वाटलं नाही. चांगला कोपरा असला की शहाणा चढाईवाला तिथे फिरकत नाही. तो आपला सर्वांत कच्चा माणूस शोधतो आणि सामनाभर त्यालाच खातो. सामन्यागणिक मला दिसायला लागलं की महागड्या गड्याची किंमत त्याच्या जागेवर दिसतच नाही. ती दिसते सातव्या जागेवर.

म्हणून चौदा नंबर फुकट गेला असं मात्र नाही. एका सामन्यात आमचे चारजण बाहेर बसले होते, आत तिघे, लोण पडायला आलेला. लोण पडला की दोन गुण जादा जातात आणि सामना बहुधा हातचा जातो. आता समोरच्यांना त्याला टाळता येईना, कारण तिघांत टाळणार कुणाला? चढाईवाला डावीकडे आला, चौदा नंबरने घोटा धरला. अव्वल पकड, दोन गुण. एक गडी आत आला. पुढची चढाई त्याचीच. पळत येणाऱ्या दोघांना हातांनी शिवून तो मध्यरेषेवर पोटावर घसरत परतला आणि मैदानात पुन्हा सहाजण झाले. तीन असताना तो दोन, हे मामांचं वाक्य मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. तो सामना आम्ही जिंकलो आणि तो फक्त त्याच्यामुळे. बावन्न नंबर असता तर लोण पडला असता.

उपांत्य सामना त्याच खारेपाटातल्या संघाशी पडला. त्यांच्याकडे सात हजारांवरचा एकही गडी नव्हता आणि सातात कच्चा म्हणावा असा माणूसही नव्हता. आमचा साडेनऊ हजारांचा चढाईवाला कुणाला गिऱ्हाईक करावं ते शोधत तीस सेकंद इकडून तिकडे फिरायचा. शेवटी ११७ नंबरच्या बाजूने घुसायचा प्रयत्न करायचा आणि तो पोरगा खांद्याने असा डॅश मारायचा की आमचा गडी रेषेबाहेर, थेट प्रेक्षकांच्या पायाशी. चौदा नंबरने दोन्हीकडून मिळून आमचे सर्वांत जास्त गुण काढले. आम्ही तीन गुणांनी हरलो. आणि खारेपाटवाले अंतिम सामना हरले, तो बावन्न नंबरला घेऊन दोन महाग चढाईवाल्यांवर पॉइंट लावणाऱ्या संघाकडून. कुणाचीच रीत निर्विवाद खरी ठरली नाही.

त्यानंतर मी भाच्याची आणि भावजींची सगळी उदाहरणं पुन्हा आठवून पाहिली आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं आता वाटेना. पुणेरी पलटणने शादलुईवर जवळपास निम्मी थैली ओतली हे सगळे सांगतात. पण त्याच संघाचा कर्णधार, नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नव्या तरुण खेळाडूंच्या कोट्यातून संघात आला होता. मोहित गोयतही तसाच. विजेतेपदाच्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू अस्लमच ठरला. ज्यांच्याकडे स्वस्तातली चांगली पोरं आधीपासून आहेत त्यांना महाग गडी परवडतो. ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्याकडे तोच गडी कोपऱ्यात वाकून वाट बघत राहतो, नाहीतर एकटा ११२ झेल घेतो आणि संघ चार सामने जिंकतो.

आणि नवशिक्यांना तो गडी लवकर का घ्यावासा वाटतो तेही मला कळलंय. यादीतलं तेवढं एकच नाव आपल्याला ओळखता येतं. चौदा नंबर चांगला आहे हे कळायला डोळे पुरेत. ११७ नंबर चांगला आहे हे कळायला हमरापूरला जाऊन, थंडीत रात्री एक वाजेपर्यंत, कुणी नाव न ऐकलेल्या दोन संघांचा सामना बघावा लागतो. खारेपाटच्या मालकांनी तो बघितला होता.

तेव्हा लवकर घ्यावा की थांबावं याचं माझं उत्तर आता ठरलंय, मामांना ते अर्धंच पटलं तरी. त्याच्या खालचा गडी खरंच खूप खाली असेल आणि शेवटच्या सहा जागांसाठी हजारा-हजाराची सहा नावं खात्रीने माहीत असतील, तर बेलाशक घ्यावा, पहिल्याच चिठ्ठीला घ्यावा. ती सहा नावं माहीत नसतील तर आधी ती शोधावीत. यंदा मी भावजींना सांगून ठेवलंय की पहिली पाळी असो की तिसरी, टेबलवर मीच बसणार. भातं कापून झाली की शनिवारी रात्री लॅब बंद करून मामांबरोबर खारेपाटात सामने बघायला जायचं ठरलंय. मामांची एकच अट आहे. चढाईवाल्याकडे बघायचं नाही, तो ज्याच्याकडे वळतो त्याच्याकडे बघायचं.